शेरा

उंबर. घेर तीनशे बारा सेंटिमीटर,
छातीच्या उंचीवर, नियमाप्रमाणे.
ठिकाण: मखमलाबाद शिवार, पाटावर.
पाट आता डांबराखाली आहे,
पण पत्ता सांगताना लोक अजून त्याच्या काठानंच चालतात.
प्रकृती: बरी. डाव्या फांदीला ढोली.
शेऱ्याच्या रकान्यात पेन अडलं.

टेपच्या खालीच होत्या त्या खुणा.
चार उभ्या, एक चंद्रकोर,
पुन्हा तीन उभ्या, एक फुली,
आणि अशाच ओळी खोडाला वळसा घालून
पार मागे, रसवंतीवाल्यानं ठोकलेल्या
कॅलेंडरच्या पोटाखाली शिरलेल्या.

रसवंतीवाला गोरख म्हणाला, धन आहे भो.
माझा मेव्हणा एका रात्री खणून गेला.
ड्रेनेजचा पाइप लागला.

गायधनी सर मोडीचे जाणकार, स्कूटरवरून आले.
कागद लावून कोळसा घासला,
दोनदा ‘श्री’ म्हणाले, एकदा ‘शके’,
मग नुसताच चष्मा पुसत बसले.
जाताना म्हणाले,
आपल्याला वाचता येत नाही म्हणजे
कुणी लिहिलंच नाही, असं नसतं.
ते मी टिपून घेतलं, मागच्या पानावर.

साहेब फोनवर: कीड लिही. खोडकिडा. पुढचं झाड घे.
दिवसाला साठ झाडं झाली नाहीत
तर हजेरी अर्धी.
पण किडा पोटापुरतं कोरतो.
असा थांबून थांबून मोजत नाही.

यमुनाबाई लिलके आल्या त्या उंबरं वेचायला,
शेळीसाठी, पदराचा खोळ करून.
कॅलेंडर बाजूला सारलं
आणि डाळीत खडा शोधावा तसं
बोट फिरवत गेल्या खोडावरून.

ही दिवसाची पाळी. हीबी दिवसाची.
ही रातची, चांदण्यात दारं धरायचे तवा.
फुली म्हंजे वरच्या अंगाला कुणी पाट फोडला,
मंग भांडण,
मंग बाप उशिरा घरी.
पाटकरी व्हता माझा बाप. अक्षर येत नव्हतं.
वही सायबाकडं,
खरा हिशेब हितं.

मी म्हटलं, इतक्या वर्षांत झाड एवढं उंच झालं,
मग खुणा वर कशा नाही गेल्या?
त्या हसल्या. दात तीनच.
झाड शेंड्याला वाढतं, बाळा.
खूण ऱ्हाती बापाच्या छातीशी.
निस्ती रुंद व्हत जाती.

सुरीच्या पात्याएवढी असेल तेव्हा एकेक रेघ.
आता तिच्यात माझं बोट मावत होतं,
वर थोडी धूळ, एक मुंगी.
कुणाच्या तरी उसाला मिळालेलं एका रात्रीचं पाणी
इतकी वर्षं आडवं पसरत होतं.

एक खूण मात्र निराळी होती.
दोन बारीक टोचे, जवळजवळ,
ओळीच्या बाहेर, खालच्या बाजूला,
लहान पोराच्या डोक्याइतक्या उंचीवर.
ही कशाची?
ठावं नाही, म्हणाल्या.
पण बोट तिथनं लवकर निघालं नाही.

पांढरा आकडा म्हणजे झाड मोजलं.
पिवळा म्हणजे रुंदीकरणात.
त्या दिवशी माझ्या डब्यात पिवळा रंग होता.
पाटकऱ्याच्या ओळींना धक्का न लावता
वर जागा बघून लिहिलं: २११७.
सात जरा ओघळला.

हे काय काढलंस?
नंबर, म्हटलं.
त्यांनी ओल्या आकड्याला बोट लावलं,
शेळीच्या पाठीला पुसलं,
आणि पाटावर उभं राहून कुणी विचारावं
तसं विचारलं:
आता कुणाची पाळी?

शेळी उंबरं खात होती.
मी रकाना पुढे ओढला.

शेरा: दिवसाच्या पाळ्या दोनशे सहा.
रात्रीच्या अजून मोजून व्हायच्या आहेत.