वाकडी वाट

मर्विन केरिजनं आखलेला रस्ता
आम्ही अजून त्याच्याच कार्डावरून चालवतो.
पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, प्लास्टिकमध्ये घातलेला,
हँडलला चिमट्यानं लावायचा.
अक्षर बारीक, डावीकडे कलणारं,
उताराला लागल्यासारखं.

‘हातपंपापासून निघा. चर्च उजव्या हाताला.
मोठ्या एल्मशी डावीकडे.’
एल्म रोगानं गेला तेव्हा मी शाळेत होते.
तरी आम्ही तिथंच वळतो,
नसलेल्या झाडाकडे हात दाखवत, मागच्यांसाठी.

मंगळवारी नऊला निघतो,
सहा-सात जण, गुडघ्यांच्या मर्जीनं.
थेल्मा पेटिट सगळ्यांच्या पुढे, वय बहात्तर,
चढावर ती बोलत राहते
आणि आमच्याकडे उत्तराला दम नसतो.

सफकमधला चढ तो काय,
झोपलेल्या माणसाच्या छातीवर
पांघरूण जेवढं वर येतं, तेवढाच.
पण खालीवर, खालीवर, चाळीस मैल.
हिशोब मांड्यांना कळतो.

गल्लीएवढे रस्ते, मधोमध गवत वाढलेलं.
दोन्हीकडून हॉथॉर्नचं कुंपण इतकं उंच
की दिसतं फक्त आभाळ आणि पुढचं वळण.
फाटकाशी अंड्यांची पेटी, शेजारी जॅमची बरणी,
पैसे टाका, अंडी घ्या, कुणी बघत नाही.
रस्त्यातून एक फेझंट जातो
सातबारा त्याच्याच नावावर असल्यासारखा.
डुकरांच्या गोठ्याचा भपका,
आणि लगेच, क्षमा मागितल्यासारखा,
फुललेल्या घेवड्याचा वास.

मग कार्डावर ते वाक्य येतं:
‘हॅझलमच्या अलीकडे उजवीकडे, टेकडीवरून.
सरळ जाऊ नये.’

सरळ रस्ता सपाट आहे. सावलीचा. दीड मैल.
टेकडीवरून साडेचार,
आणि या अख्ख्या फेरीतला खरा चढ तोच.
नवा माणूस विचारायचाच, वाट वाकडी कशाला?
मर्विन चाकात हवा भरत म्हणायचा,
‘वरून दृश्य चांगलं आहे.’
दृश्य म्हणजे पाण्याची टाकी,
आणि कुणाच्या तरी गंजीवरची निळी ताडपत्री.

फेब्रुवारीत मर्विन गेला.
चर्चच्या भिंतीला अकरा सायकली टेकवल्या होत्या.
नंतर हॉलमध्ये चहा, फ्रूटकेक, ओले कोट.
वहीत सही करायला मी वाकले
आणि माझ्या वरच्याच ओळीत
तेच अक्षर, डावीकडे कलणारं.
शाई अजून ओली.

लायनेल केरिज. मला माहीतच नव्हतं भाऊ आहे म्हणून.
उंच म्हातारा, कपबशी दोन्ही हातांत धरून
खिडकीशी उभा.
‘तुम्ही मंगळवारवाल्या ना?’ म्हणाला.
‘वारा पूर्वेचा असला की तुम्ही टेकडी उतरताना
चाकांची टिकटिक ऐकू यायची.
साडेदहाच्या सुमारास. मी तेव्हा किटली ठेवायचो.
त्याचं चाक सगळ्यांत मोठ्यानं वाजायचं.’

भांडण कशावरून ते त्यानं सांगितलं नाही.
कुणी म्हणतं शेताचा बांध, कुणी म्हणतं आईचं घड्याळ.
एकतीस वर्षं.
मला आठवलं ते एवढंच,
आमच्या साखळीला जरा आवाज आला
तर ‘तेल! तेल!’ म्हणून ओरडणारा मर्विन
स्वतःच्या मागच्या चाकाला
कुणाला हात लावू द्यायचा नाही.

पुढच्या मंगळवारी हॅझलमच्या अलीकडे
थेल्मा थांबली. आम्हीही.
सगळ्यांचा एकेक पाय जमिनीवर.
समोर तो सरळ रस्ता, सपाट,
टोकाला धुराडं, थोडा धूर.
थेल्मासुद्धा काही बोलली नाही.

मग ती उजवीकडे वळली.

माथ्यावर पाण्याची टाकी होती, ताडपत्री होती.
वारा त्या दिवशी पश्चिमेचा,
आमच्याच तोंडावर येणारा.
ऐकू गेलं नसणार.
तरी खाली पोचेपर्यंत
कुणी एकदासुद्धा पायडल मारलं नाही.