अकरा नंबरची दोन सेकंदं

महूहून निवृत्त झालेले हवालदार दळवी
ॲल्युमिनियमच्या पट्टीला दोन टोकांना चाकं ठोकतात
आणि तिला स्की म्हणतात.
इंदूरच्या पोरांना तेवढं पुरतं.
बर्फ त्यांनी पाहिलाय तो फ्रीजरच्या कडेचा,
आई सुरीनं खरवडते तो.

शनिवारी छोट्या शर्यती.
सुपर कॉरिडॉरची बाजूची लेन, पहाटेचे सहा,
मफलरातून बोलणारे आईबाप,
आणि डांबरावर काठ्यांची टोकं,
जणू पन्नास टंकलेखक एकाच अर्जावर बसलेत.
"बर्फावर हा आवाज नसतो," सर म्हणाले.
"मग काय असतं?"
सर चहाच्या कागदी कपात बघत राहिले.
"बर्फ म्हणजे गप्प बसलेला रस्ता."
कुणीतरी हसलं. सर नाही.

घड्याळ माझ्याकडे.
एमवायच्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं मी
लोकांचं रक्त नळीत खाली बसताना मोजलं,
एक तास म्हणजे एक तास, वर मिनिट नाही.
म्हणूनच सर आले होते घरी:
"लाघाटे वहिनी, खेळातलं काही कळलं नाही तरी चालेल,
बटण तेवढं वेळेवर दाबा."

रविवारी पाच किलोमीटर. अर्ध्या किलोमीटरचे दहा फेरे.
एकामागे एक सुटायचं, अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं,
म्हणजे पुढं कोण मागं कोण ते डोळ्यांना दिसत नाही,
फक्त माझ्या वहीला दिसतं.
आणि जानेवारीत गुलमर्गला जागा एकच.

सात नंबर, झैनब मन्सूरी. कोपराला पट्टी,
सुटताना ओठ आत घेते.
आठ. नऊ. दहा.
अकरा नंबर, विहंग पुराणिक, रेषेवर वाकलेला,
सर मोजताहेत, पाच, चार,
तेवढ्यात मंडीकडे निघालेला लसणाचा ट्रक
मोठ्या रस्त्यावरून गेला
आणि त्याच्या मागं
सालपटं.

शेकडो. हजारो. पांढरी, हलकी, उलटीपालटी होत,
धुक्यातून हळूहळू खाली.
पालकांच्या टोप्यांवर, पोह्याच्या पातेल्याच्या झाकणावर,
माझ्या उघड्या वहीवर.
सगळा कॉरिडॉर तोंड वर करून उभा.
सरसुद्धा. सरांचा हात हवेतच राहिला,
तोंडातून "जा" कधी निघालं ते त्यांनाही आठवत नाही.

मी खाली बघितलं तेव्हा विहंग निघून गेला होता
आणि माझा अंगठा बटणावर होता, दाबलेला नव्हता.
दाबला.
किती उशिरा? दोन सेकंदं? तीन?
नळीतलं रक्त असतं तर सांगितलं असतं.

विहंगचे पंधरा बेचाळीस. झैनबचे पंधरा त्रेचाळीस.
मी शाईनं लिहिलं.
मग विहंगच्या आकड्याशेजारी पेन्सिलीनं
एक बारीक प्रश्नचिन्ह, आणि वही मिटली.
टाळ्या वाजत होत्या. विहंगची आई रडत होती.
मला वाटलं, उद्या सांगू.
उद्या सोमवार होता.

तो गुलमर्गला गेला. फोटो आला, नाक लाल,
मागं एवढं पांढरं की मुलगा चिकटवल्यासारखा दिसतो.
सरांनी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला,
मुलाला नाही, मागच्या पांढऱ्याला.

झैनब येते अजून, दर शनिवारी.
काल चाकांना तेल घालताना म्हणाली,
"काकू, त्या दिवशी तुम्ही वर बघत होता."
माझ्या पोटात खड्डा.
"हो गं. ते मी..."
"मी पण.
दुसऱ्या फेऱ्याला निघाले होते ना, तुमच्या समोरूनच.
काठ्या उचलून धरल्या आणि नुसती घरंगळत राहिले.
ढकललंच नाही. चांगली दहा सेकंदं असतील."

तिनं चाक फिरवून कानाशी धरलं.
आवाज नव्हता.

घरी येऊन वही काढली, खोडरबर काढला.
पानांच्या शिवणीत एक सालपट अडकलंय, वाळून पारदर्शक.
प्रश्नचिन्ह अजून आहे.
सालपटही.