कपाटांची जवारी

खालच्या मजल्यावरची रूथ कांबळे
मिशन हॉस्पिटलात रात्रपाळी करते.
सकाळी आठला येते, पडदे ओढते, झोपते,
आणि साडेआठला तिच्या डोक्यावर
आमचं स्वयंपाकघर: धाड्.

जिन्यात भेटली तेव्हा हसूनच म्हणाली,
"काका, वॉर्डातली यंत्रं सवयीची झालीत.
तुमची कपाटं नाही होत."

चौदा दारं आहेत. मोजली.
मिरजेत घर घेतल्यापासून पहिल्यांदाच मोजली.
प्लायवूड दरवर्षी पावसात फुगतो,
उन्हाळ्यात आक्रसतो, बिजागऱ्या ढिल्या,
गॅसशेजारचं एक तर आपणहून उघडतं,
कुणी नाव घेतल्यासारखं.

एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं
चालत्या गाडीचा खडखडाट नुसता ऐकून
कुठला बोल्ट, ते मी सांगायचो.
घरातलं काही कधी
त्या कानानं ऐकलं नव्हतं.

रविवारी मांडी ठोकून बसलो.
खोबरेल, स्क्रूड्रायव्हर,
सायकलच्या ट्यूबचे नखाएवढे तुकडे.
ते चार दारांतच संपले, तेव्हा हेमलतानं
कुठल्याशा हळदीकुंकवात मिळालेलं वाण
फडताळातून काढून दिलं:
मखमली टिकल्यांचं पाकीट, मरून, रुपयाएवढ्या.
"ह्या लावा. मला कुठं शोभतात आता एवढ्या मोठ्या."
उरलेल्या दारांना आतल्या कोपऱ्यात
एकेक लावत गेलो.
दहा सवाष्णी, भिंतीकडे तोंड करून.

सोमवारी साडेआठ वाजले
आणि दुसरं काहीच वाजलं नाही.
मंगळवारी रूथनं केकचा तुकडा पाठवला.

बुधवारी हेमलता जेवली नाही.
मला ते कळलं रात्री,
पातेल्यात भात तेवढाच बघून.

एरवी सकाळीच कळलं असतं.
डाळींचं कपाट एकदा आपटलं, तर लाईट बिल.
दोनदा, तर माझी बहीण.
आणि पिठाच्या डब्याचं दार
आपटून, उघडून, परत आपटलं,
तर परागचा फोन आलेला नाही.
मी पेपर खाली करून म्हणायचो, "करतो गं."
करायचो असं नाही.
पण तेवढ्यावर आमचा दिवस निघायचा.

सतारमेकर गल्लीत दस्तगीरभाईंकडे जाऊन बसलो.
तंबोऱ्याच्या घोडीवर ते कानस फिरवत होते,
मान वर केली नाही.
सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले,
"आवाज मारायचा नसतो ओ.
तारेखाली दोरा सरकवत न्यायचा,
बोलली की थांबायचं.
आमच्यात जवारी म्हणतात."
आणि रिळातला वीतभर सुती दोरा तोडून
माझ्या शर्टाच्या खिशात टाकला.
मी हसलो. कपाटाला दोऱ्याचं काय काम.

घरी ती ओट्यापाशी पाठमोरी.
चहा झाला. पुन्हा चहा झाला.
मग विचारलं, "परागचा फोन?"
तीन शब्दसुद्धा नाहीत,
पण घसा गिअर अडकल्यासारखा झाला होता.
"नाही," ती म्हणाली. "आज नववा दिवस."

रूथ कामावर गेली होती, खाली कुणी नव्हतं,
तरी आम्ही हळूच बोलत राहिलो,
अकरा वाजून गेले तरी.
काय काय बोललो ते इथं नको.

शनिवारी धुण्याआधी तिनं खिसे तपासले असणार.
पिठाच्या दाराच्या बिजागरीला
दोऱ्याचे दोन वेढे दिसले,
आतल्या कोपऱ्यातली टिकली गायब.
ती टिकली हिच्या कपाळावर,
रुपयाएवढी, कडेला थोडी तेलकट.

साडेआठला दार मिटलं. टक्.
खाली पोचणार नाही, एवढंच.

मी पेपर खाली केला.
"काय गं?"