गाळलेली जागा

मोराचा केकारव. घुबडाचा घूत्कार.
कावळ्याची कावकाव, कोंबड्याचं आरवणं.
चौथा प्रश्न, प्रत्येकी अर्धा गुण,
वीस वर्षं हाच.
पाचवी ओळ: पक्ष्यांचा ________.

करुणा मसाजी ढवळे, इयत्ता सहावी,
हिनं लिहिलं होतं: कालवा.

मी लाल पेनानं फुली मारली
आणि शेजारी लिहिलं, किलबिलाट.
दोन वेलांट्यांचा शब्द,
बारशाला शिवलेल्या झबल्यासारखा.

पेपर वाटले तेव्हा ती जागेवर उभी राहिली.
"सर, हे कामून चुकलं?"
म्हणालो, कालवा म्हणजे कॅनॉल.
पैठणहून निघालेला डावा कालवा,
तुझे वडील पाटकरी आहेत ना, तोच.
वर्ग हसला.
ती हसली नाही. "त्यो येगळा, सर.
ह्यो पाखरांचा."

खोटं कशाला बोलू, मला ठाऊक होता तो शब्द.
आम्ही उदगीरचे. दुपारी आई दारातून दटावायची,
कालवा करू नका रे, अण्णाचा डोळा लागलाय.
लग्नाच्या पंगतीत असायचा तो,
ग्रामसभेत असायचा,
शेवटची एस्टी लागली की स्टँडवर असायचा.
उत्तरपत्रिकेत कधी आला नव्हता, इतकंच.

शाळेच्या कपाटात शब्दकोश आहे.
वाळवीनं प्रस्तावना खाल्लीय, 'क' शिल्लक आहे.
कालवा, पुल्लिंगी: पाट.
खाली पुन्हा कालवा, पुल्लिंगी: गलका, गोंगाट.
दोघे शेजारी, मध्ये एक ओळ कोरी,
भाऊ वाटणीनंतर राहतात तसे.

मार्चच्या पाळीला मसाजीनं निरोप धाडला,
सरांना म्हणावं या एकदा टेलला.
गेलो. मानवतच्या पुढं, सतरा नंबरची चारी,
पहाटेचे चार, तळाला भेगा,
त्याच्या खांद्यावर फावडं, पायात नुसत्या स्लिपरा.
कागदावर पाणी सातव्या दिवशी पोचलेलं.
हा अकरावा.

मी बॅटरी मारून पाणी शोधत होतो.
तो म्हणाला, "इझवा ती. आइका."

आधी एक टिटवी, लांब, एकटीच,
कुणी तिचं काही उचलून नेल्यासारखी.
मग दुसरी. मग झुंजूमुंजू झालं
आणि सगळेच तुटून पडले:
ढोकऱ्या, बगळे, साळुंक्या, ती काळी कुदळी
जिच्या घशातून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं निघतं.
पाणी भेगांतून जे जे बाहेर हाकलत होतं,
मुंगळे, नाकतोडे, विंचवाचं एखादं पोर,
त्यावर ही मारामारी.
झबलं शिवावं असं एकही नव्हतं त्यात.
भूक होती, आणि पोटभर ओरडणं.
तो गोंगाट चारीतून आमच्याकडं सरकत येत होता,
आणि त्याच्या बुडाशी,
हाताएवढी रुंद, मातकट, फेसाळ,
पाण्याची जीभ.

"आला कालवा," मसाजी म्हणाला.

मी विचारलं, कोणता?

त्यानं माझ्याकडं पाहिलं.
"कोन्ता म्हंजे?"

घरी येऊन कपाटातला गठ्ठा काढला.
फुली खोडता येते, पण
खोडलेली फुली आणखी मोठी दिसते.
तशीच ठेवली.

मसाजीची बदली सेलूच्या शाखेला झाली,
दाखला मीच लिहिला, अक्षर जपून.
यंदाही चौथा प्रश्न तोच.
एकेचाळीस पोरं, एकेचाळीस किलबिलाट,
सगळ्यांना पूर्ण गुण.
शेवटचा पेपर तपासून पेनाला टोपण लावलं
तेव्हा वर्ग इतका गप्प होता
की खिडकीबाहेरच्या चारीत
काही येतंय का, ते मी
उगाच थोडा वेळ ऐकत बसलो.