सुटे भाग

कपाटाचं दार आतून ओढून घेतलं
तेव्हा रात्रीचे पावणेबारा.
डोक्यावर इस्त्रीचे शर्ट, तोंडापुढे माइक,
भोवती गोधडी. आवाज घुमत नाही म्हणे.
(शिराझ मुकादमची शिकवण. तो स्वतः
गाडीच्या काचा लावून रेकॉर्ड करतो,
मुत्राहच्या पार्किंगमध्ये, माशांच्या नावांवर.)
एसी बंद. रुवीतला जुलै.
'नमस्कार, मी विश्राम कोळंबकर'
एवढे चार शब्द होईस्तोवर बनियन भिजली.

दिवसा मी वादी कबीरला, काउंटरच्या मागे.
क्लचप्लेट, फॅनबेल्ट, ऑइल सील.
एकवीस वर्षं लोक मला नंबर सांगतात,
मी फळीवरून वस्तू काढून देतो.
नसली तर 'माफी'.
इथे माफी म्हणजे 'नाही'.
दिवसातून पन्नासदा माफी म्हणतो,
मागत कुणाचीच नाही.

म्हणून नाव ठेवलं, सुटे भाग.
भाग पहिला: एकाच पिकअपचा डावा आरसा
दर वर्षी न्यायला येणारा माणूस,
आणि उजवा कधीच कसा फुटत नाही याची गोष्ट.
अकरा मिनिटं. मध्ये वरच्या मजल्यावर कुणी खाट सरकवली,
ती तशीच राहू दिली.

ऐकणारे सात.
त्यात तीनदा मी. दोनदा बायको,
एकदा कुडाळहून, एकदा बहिणीच्या फोनवरून.
उरले दोन.
ते दोन आठवडाभर माझ्याबरोबर हिंडले,
गिऱ्हाइकाला ब्रेक पॅड देताना
वाटायचं, हा असेल का?

शुक्रवारी शिराझने ओढून नेलं.
टपरीबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या,
कागदी कपात करक, वेलचीचा घसघशीत वास,
आणि ही मंडळी:
याकूब बलुशी, जो बलुचीत कोडी घालतो
आणि उत्तर पुढच्या भागात देतो,
पुढचा भाग कधीकधी येतच नाही.
लिजीमोल, नर्स, कोट्टयमची,
नाइट ड्यूटी संपली की चादरींच्या खोलीत बसून
मल्याळममध्ये कुजबुजते.
मी म्हटलं, सुटे भाग.
ती कप ठेवून म्हणाली, अरे, वो तुम हो?
मैंने पूरा सुना.
कळलं काय? काहीच नाही.
पण 'आरसा' म्हणताना तू प्रत्येक वेळी हसतोस,
म्हणून शेवटपर्यंत थांबले.

मी चहात बघत बसलो.
मला ठाऊकच नव्हतं मी हसतो.

मग याकूब म्हणाला, ज्याने त्याने
आपल्या खोलीची शांतता आणा.
एक मिनिट, काही न बोलता रेकॉर्ड केलेली.
ती खाली अंथरली की वरचे तुटलेले शब्द
सांधले जातात, असं काहीसं.
पुढच्या शुक्रवारी फोन मध्ये ठेवून
आळीपाळीने आम्ही शांतता ऐकली.
शिराझच्या शांततेत समुद्र, काचेपलीकडचा, बोबडा.
लिजीमोलच्या शांततेत कुठलंतरी यंत्र
ठरावीक वेळाने टिक म्हणायचं
आणि आम्ही चौघेही पुढच्या टिकसाठी
श्वास धरायचो.
याकूबच्या शांततेत त्याचा पोरगा शिंकला.

माझ्या शांततेत काहीच नव्हतं.
शिराझने आवाज वाढवला, आणखी वाढवला.
तेव्हा आलं: हँगर हँगरला लागल्याचा
बारीक किणकिणाट.
म्हणजे मी हललो असणार.
म्हणजे त्या मिनिटात कपाटात कुणीतरी होतं.

'हे काढू नकोस,' लिजीमोल म्हणाली.

भाग दुसरा आज रात्री. ऑइल सीलवर.
गळती थांबवणारी एवढीशी रबरी चकती,
दिसत नाही, पण गेली की कळतं.
शर्ट बाजूला सारलेत, गोधडी घेतलीय.
एक ऐकणारा अजून सापडलेला नाही.
नमस्कार.