तेलवाला

चव्वेचाळीस नंबरच्या ड्रमपाशी
त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला लावली
आणि डोळे मिटले.
मला वाटलं, म्हातारा उभ्या उभ्या झोपला.

"रडता हा," म्हणाला बुधाजी घोगळे.
साठ ड्रमांच्या त्या गदारोळात
मला माझंच नाव ऐकू येत नव्हतं.

काळाचौकी. वायंडिंग खातं. दुसरी पाळी.
मिनिटाला बाराशे मीटर सूत.
इथून सुटलं तर तू बिडी पेटवेपर्यंत
भायखळ्याच्या बाजारात, असं तो सांगायचा,
आणि बिडी कानावर तशीच ठेवायचा,
कारण कापूस उडत असे सगळीकडे,
भुवयांवर, भाकरीच्या फडक्यावर,
बुधाजीच्या बुधलीवर
(यावरून खात्यात रोज एक तरी विनोद).

लोक डोळ्यांत तेल घालून राखण करतात.
हा कान घालून तेल देई.

"ग्रीस नको रे. वेगाक ग्रीस जड जाता.
पातळ तेल. दोन थेंब.
तिसरो थेंब तुझो नाय, तो सुताचो."

तिसरा थेंब मी घातला.
सातवा दिवस होता माझा, घाई होती,
आणि खरं सांगायचं तर
दोन थेंबांनी काय होतं, असं वाटत होतं.

पांढऱ्याशुभ्र कोनवर चिंचोक्याएवढा डाग.
मग दुसऱ्यावर. मग तेरा कोन.
वरून पुसला तरी आत थरावर थर तोच,
धुलाईत दडतो, रंगाईत वर येतो.
बाजू सुलोचना पाष्टे यांची.
जॉबरने त्यांच्या नावापुढे दंड लिहायला घेतला
तेव्हा घोगळे मधे आला, हात पुसत:
"माझो हात थरथरलो, सायबा."

त्याचा हात कधीच थरथरला नाही.

मला तो काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी माझ्या बुधलीची चोच
हातोडीने चेपून आणली होती त्याने,
इतकी, की एका थेंबाला
वाट बघायला लागावी.

आता साकीनाक्याच्या गाळ्यात मी मशिनी बघतो.
पंप आपोआप तेल देतो, घड्याळ लावून,
ताप किती ते पडद्यावर हिरव्या आकड्यात दिसतं.
मागच्या मंगळवारी आकडा हिरवाच होता.
मी तरी स्क्रूड्रायव्हर लावला. पोरं हसली.
नळीत कापसाचा बोळा निघाला,
करंगळीच्या नखाएवढा.

डावा कान गेलाय माझा, डॉक्टर म्हणाले.
हाड शाबूत आहे.

आणि हो, सुलोचनाबाई.
त्यांनी कधी काही विचारलं नाही.
मी बुधली घेऊन त्यांच्या बाजूला गेलो
की नुसत्या पदर आवरून घ्यायच्या,
शेवटच्या पाळीपर्यंत.