मापवही

बिडवईबाईंनी टेप मागितला, त्यांचा वॉर्डात राहिला होता.
माझ्या गळ्यात होताच.
उदगीरहून निघताना काढायचं भान नव्हतं,
लेकरू खांद्यावर, टेप गळ्यात,
तसाच बसलो जीपमध्ये, तसाच उतरलो लातूरला.

त्यांनी तो उलटा केला.
बावीस वर्षांत मी ती बाजू वापरली नाही.
ब्लाऊज इंचात, विजार इंचात,
नवरदेवाचा कोट इंचात.
मागं सेंटिमीटर असतात हे माहीत होतं,
जसं पाठीवर तीळ आहे हे माहीत असतं.
सत्तेचाळीस, बाई म्हणाल्या.
चार महिन्यांच्या पोरीला एक्केचाळीस पुरे.

सहा सेंटिमीटर.
एवढ्यात बाहीची पट्टी निघते.

मला आधीच कळायला हवं होतं.
बारशाला शिवलेल्या टोपड्याचे बंद
पंधरा दिवसांत पुरेनात.
म्हणलं, माप चुकलं. दुसरं शिवलं.
तेही.
शिंप्याला वाटतं, चूक कापडातच असणार.

गल्लीनं मात्र कारण ठरवून टाकलं:
ग्रहणात कालिंदानं काजं कापली.
कापली होती.
लग्नसराई, अठ्ठावीस ब्लाऊज अडकलेले, कोण थांबणार?
तेव्हापासून ती कात्रीकडं बघत नाही,
दोरासुद्धा दातानं तोडते.
तिनं बाईंना तेवढंच विचारलं.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
म्हणाल्या, सातव्या महिन्यात होते मी,
त्या ग्रहणाला दोन लेकरांची डोकी उघडली,
कात्रीनंच.
माझा पोरगा आता सातवीत आहे.
कालिंदा काही बोलली नाही.

मग फिल्म उजेडाला धरली.
डोक्याच्या मधोमध दोन काळी डबकी,
वाहून जायची वाट बुजलेली.
आमच्याकडं नळ बाराव्या दिवशी येतो.
आई म्हणाली, पाण्याला बी कुठं साठावं कळंना.

कानामागून नळी घालायची,
मानेच्या, छातीच्या कातडीखालून
पोटापर्यंत सरकवत न्यायची.
नेफ्यात नाडी ओवतो तशी, मी म्हणलं.
तशीच, बाई म्हणाल्या, फक्त नेफा जिवंत आहे.

बाहेरच्या बाकावर कंधारची एक बाई होती.
तिच्या लेकराची पाठ जन्मताच उघडी,
मणक्यापाशी फोडासारखी पिशवी.
शिवायलेत आत, म्हणाली ती.
मला तिला काहीतरी सांगायचं होतं.
मी फक्त सरकून जागा दिली.

अडीच तासांनी शिवकन्या बाहेर आली,
अर्ध्या डोक्याचे केस भादरलेले.
दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना टाके मोजले. सात.
अंतर एकसारखं, कुठं ओढ नाही, सुरकुती नाही.
असा कारागीर मला कधी मिळाला नाही.
डोक्यात आलं ते हेच,
लाज वाटली, पण हेच.

संध्याकाळी बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं:
पोटात नळीची वेटोळी, गरजेपेक्षा कितीतरी जास्त.
वाढेल ना ती, म्हणाल्या,
उंच होईल तशी नळी उलगडत जाईल.
मी चित्राकडं बघत राहिलो.
शाळेच्या फ्रॉकला खाली दुमडून ठेवतो तेवढं.
म्हणलं, बाई, आमच्यात याला माया म्हणतात.
कापडाला माया सोडली, म्हणतो आम्ही.
त्यांनी चित्राखाली तो शब्द लिहिला
आणि कागद मला द्यायच्या ऐवजी
स्वतःच्या खिशात घातला.

नळी तुंबू शकते, हेही सांगितलं.
उलट्या झाल्या, झोपेतून उठेना झाली,
तर सकाळची वाट बघू नका.
मशीनच्या फळीवर खडूनं
जीपवाल्या मुनीरचा नंबर लिहिलाय.
रोज पुसट होतो, रोज गिरवतो.

मापवहीत, जोशीकाकूंच्या परकरानंतर,
एक पान तिचं:
सत्तेचाळीस. सव्वासेहेचाळीस. सेहेचाळीस.
सेहेचाळीस.
सेहेचाळीस.
दर रविवारी कालिंदा टेपचं एक टोक धरते,
मी दुसरं, उलट्या बाजूनं.
शिवकन्या टेप तोंडात घालायला बघते.

कात्रीला कालिंदा अजून हात लावत नाही.
परवा मी धार लावून आणली,
तिच्या बाजूला ठेवली,
आणि चहा सांगायला बाहेर गेलो.